पोट सुटलेल्या भिंतीचा पट्टा

सोलापूरच्या जुन्या पेठांमधली एखादी दगडी भिंत पाहून गवंडी म्हणतो, ‘हिला पोट सुटलंय.’ ओळंबा सोडायचीही गरज पडत नाही. दर्शनी दगड फुगून पुढं आलेले असतात, सांध्यांतून माती गळत असते. दोन फूट जाडीची ही भिंत बाहेरून एकसंध वाटते, पण ती खरं तर एक नसतेच. बाहेर खांडक्यांचा एक थर, आत दुसरा, मधल्या पोकळीत कपच्या आणि माती. दोन थर शेजारी उभे, पण एकानं दुसऱ्याला धरलेलं नाही. वजन सरळ खाली उतरतं तोवर शंभर वर्षंही काही बिघडत नाही. जमीन आडवी हलली की मधली भर पाचरीसारखी खाली बसते आणि दोन्ही थरांना दोन बाजूंना ढकलते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन आडवी हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं नुकती कुठं झोपली होती. भूकंपाचं केंद्र मराठवाड्यातल्या किल्लारीजवळ, सोलापूरपासून सरळ रेषेत सुमारे ऐंशी किलोमीटर. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ या गावांत भिंती फाकल्या आणि वरचं माळवद खाली आलं. माळवदावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा, जुना कुणी काढत नसे. दोन फूट माती साठली तर चौरस मीटरला जवळपास एक टन भार होतो. उन्हाळ्यात घर गार ठेवणाऱ्या त्याच मातीखाली सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. रिश्टर मापनावर धक्का ६.४ चा, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यमच. ज्या घरांत माळवद लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर पेललेलं होतं, तिथं काही ठिकाणी भिंती बाहेर पडल्या, तरी लाकडाचा सांगाडा उभा राहिला.

त्या वेळच्या भूकंप नकाशात हा सगळा मुलूख पहिल्या परिमंडळात होता, म्हणजे सर्वांत निर्धास्त. डेक्कनचा कातळ हलत नाही, ही समजूत १९६७ च्या कोयना भूकंपानं तडकली होती. पण तो दोष धरणाच्या पाण्यावर ढकलता आला. किल्लारीनंतर ती समजूत टिकली नाही.

योगायोग असा, की दगडी घरं भूकंपात कशी टिकवावीत हे सांगणारी भारतीय मानकं त्याच १९९३ साली निघाली. कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी १३८२८ क्रमांकाचं, तर दुरुस्ती आणि बळकटीकरणासाठी १३९३५ क्रमांकाचं. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पट्टा. जोत्याच्या, दारं-खिडक्यांच्या आणि छताच्या पातळीवर सगळ्या भिंतींना आवळून धरणारा, सळ्या घातलेला सलग पट्टा.

हा पट्टा मराठवाड्यात जन्मला नाही. त्याचं घराणं क्वेट्ट्याचं. १९३१ मध्ये बलुचिस्तानात माच इथं भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार या रेल्वे अभियंत्यानं क्वेट्ट्यातल्या रेल्वेच्या घरांत लोखंडी रुळांचा सांगाडा घालून बांधकाम केलं आणि १९३३ मध्ये त्यामागचं गणित छापून मांडलं. ३१ मे १९३५ च्या रात्री क्वेट्टा शहर कोसळलं, किमान ३०,००० माणसं गेली. कुमारांची घरं टिकली. असा दाखला कुठल्या अभियंत्याला हवासा वाटेल? पण मिळाला तो पुसता येण्याजोगा नव्हता. पुढं तिथल्या नव्या बांधकामात सळ्या आणि पट्टे आले. स्वातंत्र्यानंतर हे ज्ञान रुरकीच्या विद्यापीठात वाढलं. तिथं विटा-दगडांची छोटी घरं रेल्वेच्या वाघिणीवर बांधायचे, दुसरी वाघीण तिच्यावर आदळायची आणि कुठली भिंत आधी फाटते ते पाहायचे. आनंद स्वरूप आर्य हे या घराण्यातलं मोठं नाव. मानकांवर त्यांचा ठसा आहे.

नव्या घरात पट्टा घालणं सोपं. उभ्या भिंतीचं काय? तिथली युक्ती पाहण्यासारखी आहे. दर्शनी थरातला एक दगड हलक्या हातानं सैल करून काढायचा, मधली भर कोरायची, मग पलीकडचा दगड काढायचा. भोक दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये अरुंद, हुबेहूब डमरूसारखं. त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट ठासायचं, मग पाणी मारत राहायचं. साधारण मीटरभर अंतरावर असे डमरू बसले की दोन थर पहिल्यांदाच एकमेकांना धरतात. वर भिंतीच्या दोन्ही अंगांना जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा, म्हणजे पट्टा. माळवदाची माती उतरवून थर पातळ करायचा. पहार धसमुसळेपणानं चालली तर भिंतच अंगावर येते, म्हणून हे काम घाईच्या माणसाचं नव्हे.

जागतिक बँकेच्या कर्जावर राज्यानं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावं नव्या जागी वसली, त्याचं बोलणं खूप झालं. दुरुस्ती आणि बळकटीकरणाचा भाग त्याहून कितीतरी पसरलेला होता: तेरा जिल्हे, त्यांत सोलापूरही, आणि सुमारे दोन लाख घरं. नुकसानीनुसार १७,००० किंवा ३४,००० रुपयांची मदत. गावकऱ्यांनी मात्र बहुतेक ठिकाणी वेगळाच हिशेब केला. दगडाची धास्ती मनात घर करून बसली होती. जुन्या भिंतीत डमरू कोरण्यापेक्षा त्याच पैशात अंगणात पट्ट्याची एक नवी खोली उठवलेली बरी! खोली झाली, आणि शेजारचं जुनं घर आहे तसंच वापरात राहिलं. त्यांना दोष देणं अवघड आहे. बळकटी डोळ्यांना दिसत नाही, खोली दिसते.

कॅलिफोर्नियातही जुन्या घरांची पाळी उशिराच आली. १९३३ च्या लाँग बीच भूकंपानंतर तिथं सळईविना विटांची नवी इमारत बांधणं बंद झालं. आधी बांधलेल्यांचं काय, याला लॉस एंजेलिसनं १९८१ मध्ये उत्तर दिलं: बळकट करा नाहीतर पाडा. सुमारे ८,००० इमारतींना तो नियम लागू झाला.

सोलापूरचं परिमंडळ २००२ च्या मानकात तिसरं झालं. नव्या बांधकामाच्या नकाशावर भूकंपाचा हिशेब येतो. जुन्या वाड्याशी कायद्याची गाठ पडते ती दुसऱ्या वाटेनं: महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांपुढच्या इमारतीला संरचनात्मक स्थैर्याचा दाखला लागतो, आणि पावसाळा जवळ आला की धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात. भाडेकरू आणि मालक यांच्या वादात वाड्याची भिंत तशीच उभी राहते, पोट पुढं काढून. गवंडी येतो, सांध्यात सिमेंट भरतो, वर गिलावा मारतो. गिलाव्याखाली दोन थर पूर्वीसारखेच वेगळे.