एकट्याची चूल

आमच्या देवळीकडे पिठल्याला बेसन म्हणतात. तेलात मोहरी, जिरं, लसूण, कांदा, मिरची, मग हळद-तिखट. पाणी उकळलं की डाळीचं पीठ भुरभुरत घोटायचं, झाकण ठेवून वाफ आणायची, वरून सांभार. पुण्यात खोली करून राहायला लागल्यापासून माझं रात्रीचं जेवण बहुतेक वेळा हेच असतं. लॅपटॉप मिटल्यापासून ताट वाढेपर्यंत वीस मिनिटं. सामान घरात असतंच.

हा पदार्थ जुना आहे. पण एका माणसाने रात्री नऊला फक्त स्वतःपुरता तो करणं ही तशी अलीकडची गोष्ट आहे.

कारण साधं आहे. आम्हा इंजिनिअरांच्या भाषेत सांगायचं तर चुलीची सेटअप कॉस्ट फार होती. वर्धा जिल्हा कपाशीचा, त्यामुळे सरपण म्हणजे पऱ्हाट्या आणि तुराट्या. त्या आणायच्या, मोडायच्या, फुंकणीने जाळ धरवायचा, डोळे चोळायचे. एवढं सगळं आठ माणसांसाठी परवडतं, एका माणसासाठी नाही. म्हणूनच मराठीत कुटुंब फुटलं की ‘चूल वेगळी झाली’ म्हणतात. आपली जनगणनाही कुटुंब मोजताना एकत्र स्वयंपाकघर हाच निकष धरते. चूल हे एकट्या माणसाचं काम नव्हतंच.

मग एकटी माणसं काय करायची? दुसऱ्याच्या चुलीवर जेवायची. शिकायला शहरात आलेला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागायचा किंवा वार लावून जेवायचा: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मुंबईच्या गिरणगावात कोकण-घाटावरून आलेले कामगार बायका-मुलांना गावी ठेवून दहा-पंधराजण एका खोलीत राहायचे आणि खानावळीत जेवायचे. त्या खानावळी चालवणाऱ्या बायका सावकारी कर्जात अडकल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. पुढे 1995 मध्ये आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. बेसन तेच, पण चूल पुन्हा दुसऱ्याची.

एकट्याची चूल शक्य केली ती जाळ स्वस्त आणि झटपट करणाऱ्या यंत्रांनी. स्वीडनमध्ये 1892 मध्ये निघालेला प्रायमस स्टोव्ह आपल्याकडे आला आणि खोलीच्या कोपऱ्यात स्वयंपाक होऊ लागला. 1965 मध्ये इंडेनचा गॅस आला. मग आग पेटवायला फक्त एक काडी पुरू लागली.

या इतिहासातलं एक पान आमच्या जिल्ह्यात लिहिलं गेलं. 1934 च्या शेवटी गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग त्याला दिली, तीच मगनवाडी. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे घाणीचं तेल, हातसडीचा तांदूळ, जातं यांवर काम चाललं. 1947 च्या सुमारास तिथूनच ‘मगन चूल’ पुढे आली. मातीचीच, पण धूर बाहेर नेणारी. स्वयंपाकघरातला धूर हा देशापुढचा प्रश्न आहे, असं मानणारी माणसं तेव्हा वर्ध्यात होती. तरी गावोगावची धुराची चूल पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली. उज्ज्वला योजना आली 2016 मध्ये.

या सगळ्या काळात एक माणूस मात्र रोज एकटंच जेवत होतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर, चुलीजवळ बसून. माझी आजी तशीच जेवायची. भाजी संपलेली असेल तर भाकरीवर जवसाची चटणी आणि तेल. हेही घरात आहे त्यातून केलेलं एकट्याचं जेवणच, फक्त त्याची पाककृती कुणी लिहून ठेवली नाही. पूर्ण घरासाठी चूल पेटवणारी बाई स्वतःपुरती पुन्हा पेटवत नसे. सरपण वाया जाईल, हे एक कारण. ‘एकटीपुरतं कशाला?’ हे दुसरं.

पहिलं कारण आता संपलं आहे. बाबा बाहेरगावी गेले की मी देवळीला फोन करून आईला विचारतो, काय जेवलीस? सिलिंडर भरलेला असतो, डब्यात बेसन असतं. उत्तर येतं, ‘सकाळचंच होतं थोडं.’