मसल कारचं मॉडेल किट: 1:25 म्हणजे काय आणि पावसाळ्यात रंग दुधाळ का होतो?

1969 ची डॉज चार्जर खऱ्यात साधारण 5.28 मीटर लांब. 1:25 स्केलमध्ये तीच गाडी 21 सेंटिमीटरची होते, मोठ्या फोनपेक्षा थोडीच लांब. अमेरिकन किट बहुतेक 1:25, जपानी 1:24. एकाची चाकं दुसऱ्याला लावायची असतील तर आधी मोजा.

भाग पॉलिस्टायरीनचे असतात. भांड्यांच्या साबणाने धुवून घ्या, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. मॉडेल सिमेंट हा नेहमीचा गोंद नाही. तो प्लास्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून थेंबभरच.

काचेला मात्र सुपरग्लू अजिबात नको. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन काचेवर पांढरा थर बसतो. माझी पहिली विंडशील्ड अशीच गेली, आणि किटमध्ये दुसरी नसते! पांढरा फेविकॉल लावा, सुकल्यावर पारदर्शक होतो.

आता रंग. चांदीप-विरारकडे जून ते सप्टेंबर हवा दमट. स्प्रे लॅकरमधला सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्यावर ओलावा धरतो आणि चकचकीत काळा रंग दुधाळ दिसतो. मी तर बॉडी दिवाळीनंतरच रंगवतो. पावसाळ्यात इंजिन आणि सीट जोडत बसायचं.