खाचा आल्या, खाचा गेल्या

बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव चढवतो, ती गुळगुळीत असते. तिच्यावर नक्षी कोरावी असे कोणाच्या मनातही येत नाही. मोटारीच्या टायरला मात्र खाचा हव्यात, हे शाळकरी पोरही सांगेल. खाचा झिजल्या की आपण म्हणतो, "टायर गोटा झाला, आता बदला." आणि तरीही जगातल्या अतिवेगवान शर्यतीच्या मोटारी कोरड्या दिवशी धावतात त्या एकही खाच नसलेल्या, गुळगुळीत टायरांवर! या टायरांना 'स्लिक' म्हणतात. मग खरे काय मानायचे? हे कोडे उलगडायचे तर थोडे मागे जायला हवे.

१८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवा भरलेला रबरी टायर तयार केला. पुढच्याच वर्षी तिथल्या सायकलींच्या शर्यती विली ह्यूमने या टायरांवर जिंकल्या. १८९५ साली फ्रान्समध्ये मिशेलिन बंधूंनी असेच टायर मोटारीला लावले आणि पॅरिस-बोर्दो-पॅरिस ही लांबलचक शर्यत गाठली. वाटेत टायर पुन्हापुन्हा फुटले, ठरल्या मुदतीत गाडी पोहोचली नाही. पण मोटारीचा भार हवा पेलू शकते, एवढे लोकांना पटले.

हे आरंभीचे टायर गुळगुळीतच असत. कोरड्या वाटेवर ठीक. चिखलपाणी आले की गाडी घसरलीच म्हणून समजा. अमेरिकेतल्या फायरस्टोन कंपनीने १९०८ साली यावर मोठा गमतीचा तोडगा काढला. टायरवर तिने आपले नाव आणि 'नॉन स्किड', म्हणजे 'न घसरणारा', ही अक्षरेच तिरपी उठवली. त्या अक्षरांच्या कडा रस्ता धरून ठेवत. काम झाले आणि जाहिरातही झाली!

खाच नेमके करते काय? ओल्या रस्त्यावर चाक वेगाने जाते तेव्हा त्याच्यापुढे पाणी साचते. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ते टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाचरीसारखे शिरते आणि चाक उचलून धरते. मग गाडी रस्त्यावर नसतेच, पाण्यावर तरंगत असते. ब्रेक दाबा, सुकाणू फिरवा, गाडी ऐकत नाही. खाच म्हणजे या पाण्याला काढून दिलेला पाट.

पण पाणीच नसेल तर पाटाचा उपयोग काय? कोरड्या डांबरावर खाचेपुरते रबर जमिनीला टेकत नाही, तेवढी पकड कमी होते. शिवाय खाचांमधले रबराचे ठोकळे जोराच्या वळणावर लवतात, तापतात, त्यांचे तुकडे पडतात.

याचा फायदा हौशी पोरांनी लवकर उठवला. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे विमानतळाच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या मोटार-शर्यती सुरू झाल्या. अशा शर्यतींत हौशी मंडळी जुन्या टायरांवर सपाट रबर चढवून घेत. आपल्याकडे जुन्या टायरला रिमोल्ड करतात ना, तसलाच प्रकार. पुढे १९७१ साली स्पेनच्या ग्रां प्रीमध्ये फायरस्टोननेच फॉर्म्युला वनच्या मोटारींसाठी स्लिक आणले. ज्या कंपनीने अक्षरे उठवली होती, तिनेच ती पुसली म्हणायची!

कथा इथे संपत नाही. वळणांवरचा वेग फारच वाढला, तेव्हा तो आवरण्यासाठी नियम करणाऱ्यांनी १९९८ साली फॉर्म्युला वनच्या टायरांना खाचा पाडणे सक्तीचे केले. २००९ साली त्या खाचा पुन्हा गेल्या.

आपल्या देशातही चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती भरत. पुढे इरुंगट्टुकोट्टई आणि कोइम्बतूर इथे खास ट्रॅक झाले. अशा ट्रॅकवर आपली गाडी हौसेने पळवणाऱ्याला प्रश्न पडतो: स्लिक घ्यावा तर कोणता? मऊ रबर चांगले चिकटते, पण लवकर झिजते. कडक रबर टिकते, पण तापल्याशिवाय धरत नाही. हलकी गाडी टायरला कमी तापवते, म्हणून तिला बहुधा मऊ रबर मानवते. जड गाडीने मऊ रबर घेतले, तर ते लवकर करपते. तापल्यावर आतली हवा फुगते, म्हणून जाणता माणूस ट्रॅकवरून उतरताक्षणीच, टायर गरम असताना, हवा मोजतो. तापून निवण्याच्या फेऱ्या झाल्या की रबर कडक पडत जाते. तेव्हा स्वस्तात मिळालेला जुना स्लिक दिसायला चांगला असला, तरी आतून संपलेला असू शकतो. खाचा नसल्यामुळे त्याची झीज पाहायला पृष्ठावर बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती उथळ झाली की रबर संपत आले.

एवढे करूनही आभाळ फसवतेच. ११ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमध्ये डोनिंग्टनच्या शर्यतीत पाऊस येई, जाई. अनेकदा जगज्जेता झालेला आलँ प्रोस्त टायर बदलायला सात वेळा थांबला आणि अखेर एक फेरी मागे राहून तिसरा आला. आयर्टन सेनाने ती शर्यत जिंकली. गाडी तीच, चालक तोच. पण चुकीच्या क्षणी चुकीचा टायर असला की सारे कसब फुकट.

वाचकहो, तात्पर्य आपल्या घाटरस्त्यांसाठीही आहे. स्लिक गुळगुळीत असतो तो मुद्दाम: त्याचे रबर निराळे, त्याची जागा ट्रॅकवर, आणि ओले झाले की तोही उतरवतात. आपल्या जीपचा गोटा झालेला टायर गुळगुळीत असतो तो झिजल्यामुळे. त्याचे रबर सरलेले असते, पाण्याला वाट उरलेली नसते. "शर्यतवाले नाही का गुळगुळीत टायर वापरत?" असे कोणी म्हणाले, तर त्याला हा फरक समजावून सांगा. मोटारीच्या टायरच्या खाचेत तळाशी बारीक उंचवटे असतात. वरचे रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की फक्त १.६ मिलिमीटर खाच उरली असे समजावे, आणि कायद्याने त्याहून कमी चालत नाही. शिक्षकांनी मुलांना शाळेबाहेर उभ्या गाडीच्या टायरवर हे उंचवटे जरूर दाखवावेत. मृगाचा पाऊस पडण्याआधी घरोघरच्या गाड्यांचे टायर मग मुलेच तपासतील.