न झालेला कायदा

१९७६ साली मी लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यात शिक्षक होतो. आणीबाणी चालू होती, आणि शिकवण्याखेरीज आणखी एक काम आमच्या माथी आले होते : ‘केसेस’ आणणे. नसबंदीला एक माणूस राजी केला की एक केस. माझ्या वाट्याचा आकडा भरेना, तेव्हा पगार अडेल अशी समज मिळाली. मी मोंढ्यातला एक हमाल गाठला. त्याला दोन मुली होत्या. “मास्तर सांगतात म्हणजे बरंच असेल,” असे म्हणून तो निमूटपणे माझ्यामागे आला. मी त्याच्या हातालाही धरले नव्हते. मग ही सक्ती म्हणायची की नाही?

त्या वर्षीच्या १६ एप्रिलला केंद्रीय आरोग्यमंत्री करणसिंग यांनी लोकसंख्येविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. सक्तीचा देशव्यापी कायदा केंद्राने टाळला, पण राज्यांना तसा कायदा करण्याची मुभा ठेवली. ती महाराष्ट्राने घेतली. मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या पैठणचा; पाटबंधाऱ्यांसाठी मराठवाडा त्यांचा ऋणी आहे, म्हणून हे लिहिताना हात जड होतो. तीन मुले हयात असलेल्या दांपत्यापैकी एकाने नसबंदी केलीच पाहिजे, न केल्यास तुरुंगवास, असे विधेयक आपल्या विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती त्याला कधीच मिळाली नाही.

त्यामागची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आलेली कुटुंबेच्या कुटुंबे आम्ही पाहिली होती. पण याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, ते लोकांना माहिती द्यावी आणि निर्णय त्यांचा त्यांनी, विशेषतः बाईने, घ्यावा म्हणून. त्यापायी त्यांची नोकरी गेली, त्यांच्यावर खटले झाले. पुढे सरकारला संततिनियमन पटले. कर्व्यांची अट तेवढी गळली.

कायदा झाला नाही, तरी सक्ती व्हायची ती झालीच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. शहा आयोगापुढे १,७७४ मृत्यूंची नोंद आली. १९७७ च्या निवडणुकीत सरकार पडले, ‘कुटुंब नियोजना’चे नाव ‘कुटुंब कल्याण’ झाले, आणि धास्तावलेल्या पुरुषांच्या वाट्याची शस्त्रक्रिया बायकांच्या अंगावर आली. याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही.

पुढे तसा तुरुंगाचा कायदा नसतानाही महाराष्ट्रात दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १९९२-९३ च्या पाहणीतील २.९ वरून २०१९-२१ मध्ये १.७ वर आले. मुली शाळेत टिकल्या, आणि झालेले मूल जगेल असा भरवसा आईबापांना वाटू लागला. १९७६ मध्ये तो भरवसा आम्ही कोणाला देऊ शकत होतो?

पुढच्याच पावसाळ्यात त्या हमालाची धाकटी मुलगी तापाने गेली. त्यानंतरही बाजारात दिसला की तो मला रामराम घाली. मीच मोंढ्याचा रस्ता सोडून लांबच्या वाटेने स्टेशनवर जाऊ लागलो.