वाया गेलेली ६१७ मते

मतदानाचा दिवस जवळ आला की आपल्याकडे एक सल्ला फुकट मिळू लागतो. "माणूस चांगला आहे हो, पण निवडून यायचा नाही. मत वाया घालवू नका." सल्ला देणारा बहुधा हितचिंतकच असतो. तो चाळीतला शेजारी असतो, खात्यातला सहकारी असतो, कधी कधी युनियनचाच जुना कार्यकर्ता असतो. त्याचा हिशेब सरळ असतो. शर्यतीत घोडे दोनच, तेव्हा त्यातल्या त्यात बरा पाहावा. दगडापेक्षा वीट मऊ, ही म्हण आपल्या लोकांनी कधीचीच करून ठेवली आहे. निवडणुकांनी तिला नवे काम दिले, इतकेच.

हा हिशेब बरोबर की चूक, हे नुसत्या तर्काने सुटत नाही. इतिहासाच्या जमाखर्चात त्याचा ताळा पाहावा लागतो. म्हणून मी एका पोटनिवडणुकीची हकीकत सांगणार आहे. ती स्कॉटलंडातली आहे. परंतु ज्याला सर्वांत अधिक मते तो निवडून आला, बाकीच्यांना काही नाही, ही पद्धत आपण लोकसभेसाठी ब्रिटनकडूनच घेतली आहे. तेव्हा तिकडचा अनुभव आपल्याला अगदीच परका नाही.

१८८४ च्या कायद्याने ब्रिटनमधल्या खाणवस्त्यांतल्या पुष्कळ पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. स्त्रियांना तो नव्हताच. पक्ष मुख्यतः दोन, हुजूर पक्ष आणि उदारमतवादी पक्ष. कामगार संघटनांचे बहुतेक पुढारी उदारमतवाद्यांचा पदर धरून होते, आणि त्यातून काही पदरात पडलेही होते. १८७४ मध्ये टॉमस बर्ट आणि अलेक्झांडर मॅक्डोनल्ड हे दोन खाणकामगार पार्लमेंटात गेले. ट्रेड्स युनियन काँग्रेसचे चिटणीस हेन्री ब्रॉडहर्स्ट हे १८८६ मध्ये उदारमतवादी सरकारात दुय्यम मंत्रीही झाले. पण आठ तासांच्या दिवसाचा कायदा करा, अशी मागणी पुढे आली की हेच ब्रॉडहर्स्ट तिला विरोध करीत. मोठ्या पक्षाच्या गाडीत बसायला जागा मिळाली होती. गाडी कुठे न्यायची ते मात्र दुसरेच ठरवीत होते.

अशा वेळी केअर हार्डी हा तिशीतला खाणकामगार पुढे आला. त्याचा जन्म १८५६ चा. दहाव्या वर्षी तो खाणीत उतरला. आत हवा खेळती राहावी म्हणून असलेले दार उघडायचे आणि मिटायचे, हे त्याचे काम. शाळा अशी त्याला मिळालीच नाही. आईने वाचायला शिकवले. पुढे खाणीतच पाटीवर दिव्याची काजळी धरून, तिच्यावर टाचणीने ओरखडे काढीत तो लघुलेखन शिकला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. माझेही शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीतल्या कपाटापाशीच अधिक झाले, त्यामुळे या पाटीविषयी मला विशेष आदर आहे. संघटना बांधतो म्हणून खाणमालकांनी हार्डीचे नाव काळ्या यादीत घातले आणि त्याला खाणीचे दार बंद झाले.

१८८८ साली मिड लॅनार्क या मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. खाणकामगारांची तेथे मोठी वस्ती. हार्डीने प्रथम उदारमतवादी पक्षाकडेच उमेदवारी मागितली. पक्षाने ती जॉन फिलिप्स नावाच्या बाहेरच्या वकिलाला दिली. हार्डी स्वतंत्र मजूर उमेदवार म्हणून उभा राहिला. मग पक्षातर्फे त्याच्याकडे निरोप आला: आता माघार घे, पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत खात्रीची जागा देऊ, निवडणुकीचा खर्च सोसू आणि वर्षाला ३०० पौंड देऊ. त्या काळी पार्लमेंटच्या सभासदाला पगार नसे, म्हणजे ज्याच्या घरी पैसा त्यालाच ती खुर्ची परवडे. अशा वेळी या रकमेचे वजन केवढे असेल, याची कल्पना करावी. हार्डीने नकार दिला.

निकाल लागला. उदारमतवादी फिलिप्स यांना ३,८४७ मते, हुजूर पक्षाला २,९१७ आणि हार्डीला ६१७. शेकड्याला नऊही नाहीत! आपल्या हितचिंतक शेजाऱ्याने त्या दिवशी काय म्हटले असते ते सांगायला नको.

पण आकडे जरा नीट पाहा. पहिल्या दोघांतले अंतर ९३० मतांचे होते. म्हणजे हार्डीची सगळीच्या सगळी मते कोणाही एकाच्या पारड्यात टाकली असती, तरी निकाल बदलला नसता. त्या ६१७ जणांनी मोठ्या पक्षाला मत दिले असते, तर ते मोठ्या ढिगात मिसळून गेले असते आणि खाणकामगारांना काय हवे आहे हे कोणाला कळलेही नसते. वेगळी पडली म्हणूनच ती मते मोजता आली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. निकालानंतर ही मंडळी घरी बसली नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी स्कॉटिश मजूर पक्ष स्थापन केला. १८९२ मध्ये हार्डी लंडनच्या वेस्ट हॅम साउथ भागातून निवडून आला. १८९३ मध्ये ब्रॅडफर्ड येथे स्वतंत्र मजूर पक्ष उभा राहिला. १८९५ मध्ये या पक्षाने २८ उमेदवार उभे केले आणि हार्डीसकट सर्वच्या सर्व पडले. तरीही काम थांबले नाही. १८९९ मध्ये रेल्वे कामगारांच्या संघटनेने ट्रेड्स युनियन काँग्रेसमध्ये आणलेला ठराव ५,४६,००० विरुद्ध ४,३४,००० मतांनी संमत झाला, आणि फेब्रुवारी १९०० मध्ये लंडनला मजूर प्रतिनिधित्व समिती स्थापन झाली. त्या वर्षीच्या निवडणुकीत तिचे निवडून आले दोघे.

दुसऱ्याच वर्षी टॅफ व्हेल रेल्वेच्या खटल्यात उमरावांच्या सभागृहाने निर्णय दिला की संपाने झालेले नुकसान संघटनेच्या निधीतून वसूल करता येईल. रेल्वे कामगारांच्या संघटनेला २३,००० पौंड भरपाई बसली. घासाघासातून वाचवून वर्गणी भरणाऱ्यांना तेव्हा उमगले की कायदे करणारे घर परक्याच्या हाती ठेवून नुसत्या संपाने भागत नाही. आता उदारमतवादीच वाटाघाटीला आले. १९०३ मध्ये गुप्त समझोता होऊन काही मतदारसंघ मजुरांसाठी मोकळे सुटले. १९०६ मध्ये २९ सभासद निवडून आले, आणि त्याच वर्षी टॅफ व्हेलचा निर्णय रद्द करणारा कायदा झाला. खाणीतल्या आठ तासांचा कायदा १९०८ मध्ये आला; पार्लमेंटच्या सभासदांना पगार १९११ पासून. १९२४ मध्ये मजूर पक्षाचे पहिले मंत्रिमंडळ बनले. आपल्या स्वातंत्र्याचा कायदा १९४७ मध्ये ज्या सरकारने मांडला ते याच पक्षाचे. ते पाहायला हार्डी नव्हता. तो १९१५ मध्ये वारला. १९०७ साली हिंदुस्थान हिंडून त्याने इथल्या राज्यकारभारावर टीकेचे पुस्तक लिहिले होते, हे मात्र आपण विसरू नये.

इथेच थांबलो तर मी वकिली केली असे होईल. उलट बाजूचाही एक दाखला आहे, आणि तो कडू आहे. अमेरिकेत १८४४ साली अध्यक्षपदासाठी पोल्क आणि क्ले असे दोन मोठे उमेदवार होते. दोघेही गुलामांचे मालक. गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांनी लिबर्टी पक्षातर्फे जेम्स बर्नी यांना उभे केले. न्यूयॉर्क राज्यात बर्नी यांना पंधरा हजारांहून अधिक मते पडली. क्ले तेथे पाच हजारांच्या आसपास मतांनी हरले, आणि त्याबरोबर अध्यक्षपदही गेले. पोल्क यांच्या काळात टेक्सास गुलामगिरीचे राज्य म्हणून संघराज्यात आले आणि मेक्सिकोशी युद्ध झाले. बर्नी यांच्या मतदारांपैकी थोड्यांनीच क्ले यांना मत दिले असते तर कदाचित हे टळले असते. पुढे याच प्रवाहातली बरीच माणसे रिपब्लिकन पक्षात गेली, १८६० मध्ये लिंकन निवडून आले आणि १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, हेही खरे. पण मधल्या वीस वर्षांची किंमत त्या मतदारांनी दिली नाही. ती गुलामांनी दिली.

म्हणून मी कोणाला असे सांगणार नाही की डोळे मिटून लहान उमेदवाराला मत द्या. डोळे मिटायचेच असतील तर मोठ्या पक्षाचे चिन्ह काय वाईट? निष्ठेचे मत हे माहितीचे मत असले पाहिजे. आपल्या मतदारसंघात मागच्या वेळी किती मतांनी निकाल लागला? दोन मोठ्यांत खरोखर फरक आहे का, आणि तो चुकला तर भोगणार कोण, आपण की आपल्याहून दुबळा? तिसरा उमेदवार आजवर कुठे उभा होता, लोकांच्या पाठीशी की भिंतीवरच्या फलकावर? सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे आज प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्हेगारी खटले प्रतिज्ञापत्रात द्यावे लागतात. किती जण ते वाचतात? २०१३ पासून मतयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' असेही बटन आहे. ते नाराजी नोंदवते. पण कोण हवे, ते काही सांगत नाही.

आपल्या मुंबई इलाख्यातही ही वाट चोखाळली गेली आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये पक्ष काढला, त्याचे नावही स्वतंत्र मजूर पक्षच. १९३७ च्या निवडणुकीत त्याने उभ्या केलेल्यांपैकी बहुतेक उमेदवार निवडून आले. पुढच्याच वर्षी संपाच्या हक्कावर गदा आणणारे विधेयक आले तेव्हा या पक्षाने ते विधिमंडळात लढवले आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी इतर कामगार पुढाऱ्यांसह रस्त्यावर संपही केला. विधेयक अडले नाही. पण गिरणीकामगाराच्या वतीने सभागृहात बोलणारा माणूस त्याच्या स्वतःच्या मताने तेथे गेलेला होता.

युनियनच्या कामात मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. गेट मीटिंगला हात वर करणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या दिवशी वर्गणीची पावती फाडायला येतात ते थोडे. संघटना त्या थोड्यांवर उभी राहते. मताचेही तसेच आहे. हरलेले मत वाया जातेच असे नाही, आणि जिंकलेले मत कामी येतेच असेही नाही. ज्या मतामागे दुसऱ्या दिवशीचे काम नाही, ते मात्र कोणत्याही पेटीत टाका, वाया गेलेच म्हणून समजा.