जुहूच्या विमानटपालाचा दाय : इंडियन एअरलाइन्सची वंशावळ

नामसादृश्यामुळें इतिहासांत होणारे घोटाळे वाचकांच्या परिचयाचे आहेत. एकाच नांवाच्या दोन पुरुषांस एक मानल्यामुळें कित्येक घराण्यांच्या वंशावळी चुकीच्या उतरल्या गेल्या. असाच एक घोटाळा अगदीं अलीकडच्या कागदांविषयीं होत आहे. जुहू, सांताक्रूझ, अंधेरी या भागांतील जुन्या बिऱ्हाडांतून विमानटपालाचीं पाकिटें, वेळापत्रकें, तिकिटें, नेमणुकीचीं पत्रें असे कागद हातीं येण्याचा संभव असतो. ते कोणत्या संस्थेचे व कोणत्या काळचे, हें ठरविण्यासाठीं त्या संस्थांची वंशावळ नीट लावणें अवश्य आहे.

रूढ समजूत अशी : १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन आपलें 'पस मॉथ' विमान अहमदाबादमार्गें जुहूस उतरविलें, हीच संस्था पुढें एअर इंडिया झाली, आणि इंडियन एअरलाइन्स ही १९५३ सालीं सरकारनें निराळीच निर्माण केली. यांतील पहिलें विधान खरें आहे. उरलेलीं दोन तपासून घेतलीं पाहिजेत.

जुहूचा विमानतळ १९२८ सालचा. मुंबई महानगरपालिकेची हद्द उपनगरांत १९५० सालीं शिरली, म्हणजे १९३२ मध्यें हें ठिकाण शहराबाहेरचें होतें. पावसाळ्यांत तेथील मैदान पाण्याखालीं जाई, म्हणून विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. कराचीहून आलेलें टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बल्लारीमार्गें मद्रासेस पोंचविलें. आरंभीं हें काम टाटा सन्सच्या विमानखात्याचें होतें. १९३८ मध्यें त्यास 'टाटा एअरलाइन्स' हें नांव मिळालें व २९ जुलै १९४६ रोजीं 'एअर-इंडिया लिमिटेड' ही भागभांडवली कंपनी झाली. येथपर्यंत वंश एकच आहे.

फाटा फुटतो तो १९४८ सालीं. त्या वर्षाच्या मार्चमध्यें 'एअर-इंडिया इंटरनॅशनल' ही दुसरी कंपनी नोंदली गेली. तींत सरकारचे भाग शेकडा ४९ होते. ८ जून १९४८ रोजीं तिचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनकडे निघालें. मूळ एअर-इंडिया लिमिटेड मात्र देशांतर्गत मार्गांवर पूर्ववत् चालूच राहिली. एक मूळ घर, दुसरी त्याची नवी शाखा.

१९५३ च्या 'एअर कॉर्पोरेशन्स अ‍ॅक्ट'नें या दोहोंचा दायविभाग झाला. त्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून दोन महामंडळें अस्तित्वांत आलीं. एअर-इंडिया इंटरनॅशनल एका महामंडळाकडे गेली. दुसऱ्यांत, म्हणजे इंडियन एअरलाइन्समध्यें, आठ कंपन्या विलीन झाल्या : एअरवेज (इंडिया), एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया, भारत एअरवेज, डेक्कन एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, इंडियन नॅशनल एअरवेज, कलिंग एअरलाइन्स, आणि आठवी खुद्द एअर-इंडिया लिमिटेड. यांपैकीं एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया हीही मुंबईचीच. १९३७ पासून ती काठेवाडचे मार्ग चालवीत असे, व १९४३ मध्यें सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीनें ती विकत घेतली होती. या आठ घरांकडून इंडियन एअरलाइन्सला ९९ विमानें मिळालीं, त्यांत बहुसंख्य डकोटा होतीं.

निष्कर्ष स्पष्ट आहे. १९३२ च्या टपालसेवेची मूळ कंपनी, तिचीं विमानें व तिचे देशी मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे गेले. नांव मात्र दुसऱ्या शाखेकडे राहिलें. १९६२ मध्यें त्या शाखेनें 'इंटरनॅशनल' हें पद गाळल्यावर नांव व वंश एकच असल्याचा भास पूर्ण झाला.

यावर आक्षेप येईल तो असा कीं, संस्थापक टाटा हे दुसऱ्याच शाखेचे अध्यक्ष होते व १९७८ पर्यंत राहिले. तेव्हां परंपरा तिकडेच मानावी. हा आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. पुरुषपरंपरा तिकडे गेली, हें खरें. परंतु कागदांचा वारसा पुरुषाबरोबर जात नाहीं, दप्तराबरोबर जातो. आणि कायद्यानें दप्तर इकडे आलें.

इंडियन एअरलाइन्सचें उत्तरचरित्र थोडक्यांत असें. १९५७ मध्यें व्हायकाउंट, १९६१ मध्यें फोकर फ्रेंडशिप व १९६४ मध्यें कॅराव्हेल हीं विमानें आलीं. पुढें बोइंग व एअरबस. १ मार्च १९९४ रोजीं महामंडळाची लिमिटेड कंपनी झाली. डिसेंबर २००५ मध्यें 'इंडियन' एवढेंच नांव उरलें. २००७ मध्यें दोन्ही शाखा पुनः एक झाल्या, आणि फेब्रुवारी २०११ अखेर 'आय. सी.' ही उड्डाणांची निशाणीही लोपली. जानेवारी २०२२ मध्यें एकत्र झालेली संस्था टाटांकडे परतली. तेव्हां सर्वत्र जो आनंद झाला त्यांत नांवाच्या शाखेचें स्मरण झालें. दायाच्या शाखेचें फारसें कोणीं केलें नाहीं.

संग्राहकांसाठीं कालनिर्णयाचें सूत्र असें : कागदावर 'टाटा एअरलाइन्स' असल्यास तो १९३८ ते १९४६ मधील, 'एअर-इंडिया लिमिटेड' असल्यास १९४६ ते १९५३ मधील, 'इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन' असल्यास १९५३ नंतरचा. 'लिमिटेड' हें पद इंडियन एअरलाइन्सच्या नांवापुढें आल्यास तो १९९४ च्या पुढचा समजावा. १९४८ ते १९५३ या पांच वर्षांत दोन्ही एअर-इंडिया एकाच वेळीं नांदत होत्या, म्हणून त्या काळच्या कागदावर 'इंटरनॅशनल' हें पद आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

ज्या घराण्याचें नांव चालू असतें त्याचे कागद जपावयास कोणी तरी पुढें येतो. ज्याचें नांव बुडालें त्याचें दप्तर रद्दीवाल्याच्या तराजूंत जातें. इंडियन एअरलाइन्सचें नांव बुडालें आहे. तिचें दप्तर तरी बुडूं नये, म्हणून उपनगरांतील संग्राहकांनीं हातीं येणारा तिचा प्रत्येक कागद स्वतंत्र नांवानें नोंदून ठेवावा.