मैदान सगळ्यांचं, पॅव्हेलियन कुणाचं?

६ ऑगस्ट २०२२ रोजी बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडवा गावचा अविनाश साबळे बर्मिंगहॅममध्ये ३००० मीटर स्टीपलचेस धावला. वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. सुवर्णपदक पाच शतांश सेकंदांनी हुकलं, पण १९९८ पासून २०१८ पर्यंत प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानेच नेली होती, आणि ती मालिका या माणसाने मोडली. तुम्ही ती क्लिप बहुतेक पाहिली असेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या कुठल्यातरी कौटुंबिक ग्रुपवर ती नक्कीच आली असणार.

आज मला त्या शर्यतीपेक्षा ती जिथे झाली त्या जागेबद्दल बोलायचंय. अलेक्झांडर स्टेडियम हे पेरी पार्क नावाच्या सार्वजनिक उद्यानात आहे. म्हणजे ज्या हिरवळीवर कुणी कुत्रा फिरवतं, कुणी रविवारी बॅट-बॉल घेऊन येतं, तिच्याच एका भागावर सरकारी पैशाने बांधलेल्या गॅलऱ्या आहेत. अशी इमारत जुनी झाली की तिचं नूतनीकरण होतं आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष छत, खुर्च्या, ट्रॅक यांच्याकडे असतं. माझ्या मते खरा प्रश्न असतो तो दाराचा. काम झाल्यावर आत कोण जाणार आणि कुणाच्या अटींवर?

हा प्रश्न या शहराला नवा नाही. अ‍ॅस्टन पार्कची गोष्ट घ्या. जून १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने स्वतः येऊन अ‍ॅस्टन हॉल आणि त्याभोवतीचं उद्यान लोकांसाठी खुलं केलं. पण ती जागा तेव्हा महापालिकेकडे नव्हती, एका कंपनीकडे होती, आणि कंपनीला जमिनीची किंमत चुकती करायची होती. मग तिकिटं लावून जत्रा, कसरती, तमाशे सुरू झाले. जुलै १८६३ मध्ये अशाच एका जत्रेत तारेवरून चालणारी एक स्त्री खाली कोसळून मेली. तेव्हाच्या वृत्तान्तांनुसार ती गरोदर होती. लोकांच्या आरोग्यासाठी उघडलेल्या बागेत असले जीवघेणे खेळ चालावेत, याबद्दलची राणीची नाराजी पत्राने महापौरांपर्यंत पोचली. पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, महापालिकेने ती मिळकत विकत घेतली. दहा वर्षांनी स्थापन झालेला अ‍ॅस्टन व्हिला हा फुटबॉल क्लब सुरुवातीला याच पार्कात खेळत होता.

आता पेरी पार्ककडे वळू. बर्चफील्ड हॅरियर्स हा धावपटूंचा क्लब १८७७ चा. १९२९ पासून त्यांचं स्वतःचं मैदान होतं, क्लबच्या जुन्या कार्यकर्त्याच्या, अलेक्झांडर यांच्या नावाचं. १९७० च्या दशकात शहराने पेरी पार्कात नवं स्टेडियम बांधलं, ते १९७६ मध्ये उघडलं आणि क्लब नावासकट तिथे राहायला गेला. जुन्या मैदानावर पुढे ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती होऊ लागल्या. (धावण्याची परंपरा टिकली म्हणायची!) या स्थलांतरात एक गोष्ट बदलली. क्लब स्वतःच्या घरातून शहराच्या घरात आला. तेव्हापासून इमारतीची दुरुस्ती ही शहराच्या तिजोरीची बाब झाली.

मग २०१७ आलं. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धा डरबनकडून काढून घेण्यात आल्या आणि डिसेंबरमध्ये बर्मिंगहॅमला मिळाल्या. हाताशी पाचही वर्षं नव्हती. एवढ्या घाईत स्टेडियमची एक बाजू पाडून नवी उभी राहिली. खर्च सुमारे ७ कोटी २० लाख पौंड. स्पर्धेपुरती तीस हजारांची सोय केली, त्यातली बरीच आसनं तात्पुरती होती. नंतर कायम राहणारी आसनं सुमारे अठरा हजार. हे मला शहाणपणाचं वाटतं, कारण स्पर्धा अकरा दिवसांची असते आणि रिकाम्या खुर्च्यांची देखभाल पुढे पन्नास वर्षं करावी लागते.

तरीही एक वर्ष आणि एक महिना उलटला न उलटला, तोच ५ सप्टेंबर २०२३ रोजी बर्मिंगहॅम कौन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली. सोप्या भाषेत सांगायचं तर, कायद्याने बंधनकारक आहे तेवढंच करू, बाकी नवा खर्च बंद. समान वेतनाचे थकलेले दावे आणि फसलेली संगणकप्रणाली ही त्याची मोठी कारणं. स्टेडियमवर खापर फोडणं चुकीचं ठरेल. पण एक मेख लक्षात घ्या. वृद्धांची काळजी, संकटातली मुलं या सेवा कौन्सिलला कायद्याने द्याव्याच लागतात. उद्यानं आणि खेळाच्या इमारती त्या यादीत नाहीत. त्यामुळे पैसा आटला की पहिली कात्री इथे लागते, आणि मग कुणीतरी पुढे येऊन म्हणतं, ‘इमारत आम्हाला चालवायला द्या.’

हे ऐकायला बरं वाटतं आणि पुष्कळदा ते बरं असतंही. पण चालवणाऱ्याच्या हातात दार जातं म्हणजे काय, हे समजायला आपल्याकडच्या पुण्यात जायला हवं.

१८९० च्या दशकात पळवणकर बाळू हा चांभार समाजातला तरुण पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर मैदानाची कामं करायचा. नेट लावायचं, पिच सपाट करायचं आणि साहेब फलंदाजीला उभे राहिले की त्यांना गोलंदाजी टाकायची. डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून तो इतका तयार झाला की युरोपियनांना हरवायला निघालेल्या पुण्यातल्या हिंदू संघाला तो हवा होता. त्याला घेतलंही. खेळताना बाकीचे त्याच्याच चेंडूला हात लावत. पण चहाची वेळ झाली की सहकारी पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूला बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. मैदान तेच होतं, संघही तोच. अडवलं ते इमारतीने.

पुढे बाळू मुंबईला गेला. तिथे समुद्राकाठी, आज ज्याला आपण मरीन ड्राइव्ह म्हणतो त्या पट्ट्यात, सरकारने पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना ओळीने जागा दिल्या होत्या. हिंदू जिमखाना १८९४ चा. जमीन सरकारची, बांधकाम त्या-त्या समाजाचं, त्यामुळे सभासद कोण हेही तेच ठरवणार. बाळूला तिथे खेळायला मिळालं, तेही काही सभासदांचा विरोध मोडून. १९११ मध्ये तो भारतीय संघातून इंग्लंडला आला आणि शंभराहून अधिक बळी घेऊन परतला. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही. ते त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळालं. त्या जिमखान्यांच्या इमारती आजही देखण्या आहेत, आणि त्यांच्या फाटकावर आजही सभासदत्व विचारलं जातं.

पेरी पार्कात कुणी कुणाची जात विचारत नाही, हे उघड आहे. आता विचारलं जातं ते तासाचं भाडं किती, बुकिंग कुणाला आधी, सभासद नसलेल्यांना कोणती वेळ. तुमचं मंडळ गणपतीसाठी हॉल शोधतं, तुमची टीम रविवारचं ग्राउंड शोधते, तेव्हा तुम्ही याच प्रश्नांशी झगडत असता. कपडे बदलायच्या खोल्यांचंही तसंच. जुन्या पॅव्हेलियनमध्ये त्या बहुतेक पुरुषांचे संघ डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या. नव्या आराखड्यात मुलींच्या संघांसाठी वेगळी सोय आहे का, हे मी छताच्या आधी बघते.

अटी ठरतात त्या भाडेपट्ट्यात, आणि तो कागद फारसं कुणी वाचत नाही. पण इंग्लंडच्या कायद्यात एक बारीकशी फट नागरिकांसाठी उघडी आहे. १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे, कौन्सिलला सार्वजनिक मोकळी जागा विकायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची असेल तर आधी स्थानिक वर्तमानपत्रात लागोपाठ दोन आठवडे नोटीस द्यावी लागते आणि आलेल्या हरकती विचारात घ्याव्या लागतात. बर्मिंगहॅमहून रेल्वेने तासाभरावर असलेल्या श्रूसबरीत २०१७ मध्ये टाउन कौन्सिलने खेळाच्या मैदानाचा एक तुकडा अशी नोटीस न देताच बिल्डरला विकला. तिथे घरं बांधायला परवानगीही मिळाली. एक स्थानिक रहिवासी कोर्टात गेला, खालच्या कोर्टांत हरला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात पोचला. १ मार्च २०२३ ला निकाल लागला. नोटीस दिली नव्हती, म्हणून लोकांचा त्या जमिनीवरचा हक्क विक्रीनंतरही संपला नाही. बांधकामाची परवानगी रद्द झाली.

तुमच्या जवळच्या पार्कात पॅव्हेलियनच्या नूतनीकरणाचा फलक लागला असेल, तर त्यावरचं रंगीत चित्र बघून झाल्यावर कौन्सिलला एक ईमेल करा. विचारा की भाडेपट्टा किती वर्षांचा आहे, कुणाच्या नावे आहे आणि नोटीस कोणत्या पेपरात, कोणत्या दोन आठवड्यांत छापली होती.